कपाटामागची ओल

उधन्यातलं ते घर आम्ही भाड्याने घेतलं तेव्हा मे महिना होता. भिंती कोरड्या, फिकट निळा नवा रंग, आणि आतल्या खोलीत भर दुपारीही गारवा. सुरतच्या उन्हात अशी खोली मिळाली म्हणून मी खूश होते. घरमालक काका गुजराती, वरच्या मजल्यावर मुलगा आणि सुनेबरोबर राहायचे. वर्षानुवर्षं खानदेशी भाडेकरू ठेवल्यामुळे त्यांना आपली भाषा येत होती. ते म्हणाले, "बेन, या खोलीत पंखा नसला तरी चालते."

आज कोणी घर बघायला निघालं की मी सांगते, उन्हाळ्यात गार लागणाऱ्या भिंतीवर एकदा हात फिरवून बघा. तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी सुनंदा. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझे यजमान विलास एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत. मुलगी जुई तेव्हा सहावीत होती. आम्ही दोघंही मूळचे दोंडाईच्याकडचे. माझ्या छातीचं दुखणं नेमकं काय आहे हे कळायला वर्षाहून जास्त काळ गेला आणि त्या काळात फुप्फुसाचा काही भाग कायमचा गेला. असाच खोकला काढत बसलेलं कोणी हे वाचत असेल, तर त्याचा तेवढा वेळ जाऊ नये असं वाटतं.

*

पाऊस लागला आणि वस्तीजवळची खाडी भरली. गल्लीत घोटाभर पाणी आलं, ओसरलं, पुन्हा आलं. घरात शिरलं नाही, पण आतल्या खोलीची मागची भिंत खालून ओली व्हायला लागली. वरून काकांच्या बाथरूमचा पाइप त्याच भिंतीतून उतरत होता. आधी एक चहा सांडल्यासारखा डाग दिसला. मग रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. पोपड्यांच्या खाली राखाडी लव आणि त्यात तिळासारखे काळे ठिपके.

मी काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने एक पोपडा पाडला आणि म्हणाले, "भेज आहे, बेन. चोमासामां तर बधांच्या घरात येतो. दिवाळीला रंग मारून देतो." पावसाळ्यात ओल सगळ्यांकडेच येते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात कसलीही लबाडी नव्हती. त्यांच्याही स्वयंपाकघरात असाच डाग होता, तो त्यांनी मला नेऊन दाखवला.

पाहुण्यांना दिसू नये म्हणून आम्ही कपडे ठेवायचं मोठं कपाट त्या भिंतीला टेकवलं. पलंग कपाटाला लागून. डाग झाकला गेला. पण खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. लग्नात नेसायची साडी काढली तर घडीवर हिरवट ठिपके होते. चपलांच्या जोडावर पांढरी बुरशी. जुईच्या दप्तराच्या पट्ट्यालाही तेच. मी पुसत राहिले. रविवारी कपाट पुढे ओढून भिंत कोरड्या खराट्याने खरवडून काढायची. धूळ उडायची, नाका-घशात जायची. त्या संध्याकाळी हमखास अंग मोडून यायचं, कणकण वाटायची. मला वाटायचं, कामाचा शीण असेल.

श्रावण संपेपर्यंत खोकला लागला होता. कोरडा, खोलवरून येणारा. वर्गात कविता म्हणून दाखवताना मधल्या ओळीला श्वास पुरेना. पोरं माझ्यासाठी थांबायची आणि मग सगळी मिळून पुढची ओळ म्हणून टाकायची.

*

एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना पांढुरके ठिपके होते. जवळच्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि विलासना म्हणाले, "टीबी वाटतोय." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. थुंकीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं, पण वजन उतरलं होतं, ताप येत होता, आणि आमची वस्ती गिरणीकामगारांची. तिथे असा एक्स-रे दिसला की पहिला विचार तोच येतो. आज मी त्यांना दोष देत नाही.

दवाखान्याबाहेर विलास स्कूटर सुरू न करता तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "शाळेत काय सांगशील?"

"जे आहे ते."

"नको. कावीळ म्हण."

मी कावीळ म्हटलं नाही, पण रजा घेतली. गोळ्या सुरू झाल्या. सासूबाई गावाहून आल्या. आम्ही त्यांना माय म्हणतो. त्यांनी येताच माझा पेला, ताट, वाटी वेगळी केली. रागाने नव्हे, घाबरून. त्यांचा धाकटा दीर याच रोगाने गेला होता. जुईला बाहेरच्या खोलीत झोपवायचं ठरलं आणि मला आतली खोली दिली. "खिडकी लावी ले, गारठा लागी," असं म्हणून माय स्वतः दार ओढून घ्यायच्या. ज्या खोलीने मला आजारी केलं तिच्यात मला आराम करायला कोंडलं होतं, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात नव्हतं. मी दिवसभर त्या पलंगावर पडून असायचे. डोक्यामागे कपाट, आणि कपाटामागे ती भिंत.

त्या दिवसांतलं सगळ्यात कठीण काय होतं, तर जुईचं दारात उभं राहणं. ती आत यायची नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि मध्येच विचारायची, "आई, आत येऊ का थोडीशी?" मी नाही म्हणायचे.

मग थंडी आली. भिंत सुकली आणि माझा खोकलाही कमी झाला. सगळ्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. मलाही. काकांनी बोलल्याप्रमाणे रंग दिला. उन्हाळ्यात गोळ्यांचा कोर्स संपला, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं, मायने गावच्या देवीला नारळ फोडला. शाळा उघडली तेव्हा मी खुर्चीत न बसता वर्ग घेतला.

*

पुन्हा पाऊस आला. नव्या रंगाला महिनाभरात फुगे आले. आणि माझ्या छातीत तीच घरघर सुरू झाली, पण या वेळी पहिल्यापेक्षा जोरात. घरातल्या घरात मोरीपासून ओट्यापर्यंत चालून धाप लागायची. बोटांची नखं निळसर दिसायची. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, गोळ्यांना न जुमानणारा टीबी असू शकतो, मोठ्या तपासण्या कराव्या लागतील, औषधं खूप जड असतील.

त्या दिवसापासून घरात कोणी मोठ्याने बोलेना. विलास ड्युटीवरून येऊन जेवायचे आणि गल्लीत जाऊन उभे राहायचे. एकदा मी त्यांना फोनवर भावाशी बोलताना ऐकलं. "जुईला तुझ्याकडे ठेवशील का? म्हणजे वेळ आलीच तर." वेळ म्हणजे काय ते मला कळलं.

तपासण्यांचे निकाल यायला अवकाश होता. माय म्हणाल्या, तोवर गावी चला, निदान मोकळी हवा मिळेल. उधन्याहून गाडीत बसताना मला डब्याची पायरी चढवेना. विलासनी मागून उचलूनच चढवलं.

आणि गावी मी बरी झाले. कोणतंही औषध न घेता. आधी ताप गेला. मग एक दिवस भाकरीचा दुसरा चतकोर मागून घेतला. आठवडाभरात मी अंगणातून विहिरीपर्यंत आणि परत चालत होते. शेजारणी म्हणायच्या, गावचं दूध, गावची हवा. निकाल आले, त्यांत टीबीचं काहीच निघालं नाही. तेव्हा मी परतायची तयारी केली. माय उंबऱ्यात बसून होत्या. त्या म्हणाल्या, "तुले आठे बरं वाटस ना? मंग काबर जास तठे?"

मी म्हटलं, "माय, माझी नोकरी आहे. जुईची शाळा आहे."

पण त्यांचा तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसला. इथे बरं वाटतं, मग तिथे काय आहे?

*

उत्तर मिळायला आठवडासुद्धा लागला नाही. बंद घर उघडलं तेव्हा वास तोंडावर आला. आतल्या खोलीत कपाट ओढलं तर त्याच्या पाठीची फळी फुगून मऊ झाली होती आणि भिंतीवर छताच्या कोपऱ्यापर्यंत काळं चढलं होतं. मी पुन्हा खराटा घेतला. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. पुढच्या काही दिवसांत श्वास इतका तोकडा झाला की एक वाक्य दोन तुकड्यांत बोलावं लागे. एका सकाळी जुईने मला हाक मारली आणि मला उत्तर देता येईना. निकाल आले तरी घरातली धास्ती गेली नव्हती आणि ती अजून दारातच उभी राहायची, पण त्या सकाळी तिने ती जागा सोडली, आत धावत आली, माझ्या पाठीमागे उशा लावल्या आणि वर ओरडून काकांच्या सुनेला बोलावलं. काकांच्याच मुलाने गाडी काढून मला रुग्णालयात नेलं.

तिथला वॉर्ड लांबट होता. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा, उशाशी पाण्यातून सतत येणारे बुडबुडे. पहाटे रक्त घ्यायला येत, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांची वाट बघणं. शेजारच्या खाटेवर चलथाणच्या एक आजी होत्या. त्या मला रोज विचारायच्या, "आज किती?" म्हणजे बोटाच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा किती. आकडा वाढला की त्या समाधानाने मान हलवायच्या. एक दिवस त्यांची खाट रिकामी दिसली. सिस्टरनी चादर ओढून घेतली. त्या सिस्टरनी मग माझे केस विंचरून वेणी घालून दिली. कितीतरी दिवसांत मला कोणी न घाबरता हात लावला नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून रडले. ती भिंत टाइल्सची होती, कोरडी.

छातीच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी खोकल्याविषयी काही विचारलंच नाही. घरात कबुतरं आहेत का? कूलर आहे का? कोंबड्या, धान्याची कोठी? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठे गेल्यावर बरं वाटतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "गावी. गोळीशिवाय." मग थोडं थांबून, श्वास घेऊन म्हटलं, "मॅडम, माझ्या पलंगामागची भिंत काळी आहे."

त्यांनी विलासना भिंतीचा फोटो पाठवायला सांगितला. तो आला तेव्हा त्यांनी तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला. स्कॅन झाला, दुर्बिणीने तपासणी झाली. मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. हा टीबी नाही. बुरशीची बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि काही जणांची फुप्फुसं तिच्याशी भांडत राहतात. भांडता भांडता स्वतःच जायबंदी होतात. सूज औषधाने उतरेल. जिथे व्रण झाला आहे तिथे मात्र काही करता येणार नाही.

विलास म्हणाले, "म्हणजे भिंतीमुळे?"

"भिंतीमुळे."

"पण आम्ही तिघंही त्याच घरात राहतो."

"सगळ्यांनाच होत नाही. ह्यांना झालं. आणि ह्या त्या घरी परत गेल्या, तर पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं मला वाटत नाही."

टीबी नाही, लागण होत नाही, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मला फक्त ते दार आठवलं आणि चौकटीला टेकलेली जुईची पाठ. एवढे महिने उगाच.

*

मी रुग्णालयातून परस्पर विलासच्या मावसबहिणीकडे कामरेजला गेले. घर बदलायचं काम एकट्या विलासवर पडलं. ते सोपं नव्हतं. त्यांच्या मनाला हे पटत नव्हतं. मिलमध्ये रंगांच्या वाफेत उभं राहणारी माणसं धडधाकट, आणि घरातल्या भिंतीने बायको आजारी? नातेवाईक बोलायचे, डॉक्टर काहीही सांगतात. एकदा ते माझ्यावर चिडले, "दोन वर्षांत दोन आजार, उद्या तिसरा सांगतील." दुसऱ्या दिवशी ते एकटेच जुन्या घरी सामान बांधायला गेले. गादी उचलली तर तिची खालची बाजू काळी निघाली. त्यांनी ती गादी, उशा, कपाट सगळं बाहेर काढून टाकलं आणि मला फोन केला. म्हणाले, "तू यावर झोपत होतीस."

आम्ही दिंडोलीला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. दोन्ही बाजूंनी ऊन येतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला, आरशात दुसरीच बाई दिसायची, झोप उडाली, उगाच राग यायचा. हळूहळू गोळ्या कमी झाल्या. प्राणवायू सुटला. शाळा परत मिळाली. जुईची तपासणी करून घेतली, ती ठीक आहे. पण जिने मी अजून टप्प्याटप्प्यानेच चढते आणि कविता म्हणताना मधली ओळ पोरांवर सोपवते. पाऊस लागला की मी अजूनही सकाळी उठून सगळ्या भिंतींवरून हात फिरवते.

ज्यांच्या घरात अशी भिंत आहे त्यांना एवढंच सांगते. पावसात खोकला वाढत असेल आणि दुसरीकडे गेल्यावर बरं वाटत असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना स्वतःहून सांगा. टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर मनाने बंद करू नका, पण भिंतीचा फोटो बरोबर न्या. कोरड्या झाडूने खरवडू नका. आणि त्यावर रंग देऊन गप्प बसू नका.

*

या पावसाळ्यात आमचं काही टपाल जुन्या पत्त्यावर गेलं, म्हणून काकांच्या सुनेने फोन केला. विलास ड्युटीवर होते. मी तोंडाला मास्क बांधून गेले. वाटलं, पायरीवरूनच घेऊन परत येईन.

खालच्या घराचं दार उघडं होतं. नवा पिवळा रंग होता. काकांचे गुडघे गेल्यापासून त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून त्यांनी भाडेकरू ठेवायचं सोडून स्वतःच खाली मुक्काम हलवला होता. आतल्या खोलीत, त्याच भिंतीशी, त्यांची खाट होती. ते भिंतीला पाठ टेकून बसले होते.

"या बेन, या. चेहरा चांगला झाला आता," ते म्हणाले आणि त्यांना खोकला आला. तो कोरडा, खोलवरून येणारा खोकला मी कुठेही ओळखेन.

"काका, कधीपासून?"

"काही नाही. चोमासाची ठंडी."

घर सोडताना आम्ही त्यांना भिंतीचं काही बोललो नव्हतो. आता मी दारातच उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाडं कमी करून मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली. बाहेर गल्लीत पाणी चढत होतं.

"माझी घरवाली याच खोलीत होती," ते म्हणाले. "वरचा माळा बांधायच्या आधी आम्ही खालीच राहायचो. दोन चोमासां खोकली. डॉक्टर बोलला टीबी, दवा दिली. ती मला म्हणायची, माझी खाट बाहेर ओसरीवर टाका, इथे श्वास येत नाही. मी म्हणायचो, बाहेर लोक बघतील." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "बेन, मी खाट बाहेर टाकली असती तर?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "काका, तेव्हा डॉक्टरांनाही कळलं नसेल. आता उठा."

"आता माझं काय, वय झालं."

"उठा," मी म्हटलं.

मी जिन्याखालून त्यांच्या सुनेला हाक मारली. ती आली. आम्ही दोघींनी काकांना धरून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि खाट दारातून ओसरीवर काढली. मला दम लागला, दोनदा थांबावं लागलं. काका खुर्चीतून बघत होते. खाट बाहेर गेल्यावर भिंतीवर तिच्या उंचीपर्यंत पिवळ्या रंगाला फुगे आलेले दिसले. सून हात पुढे करून एक फुगा फोडणार होती. मी तिचा हात धरला आणि तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला फोन कर, काकांना आजच डॉक्टरांना दाखवायचं आहे.